रात्री दर तासाला उठणारं बाळ: साडेचार महिन्यांच्या बाळाच्या आईला उत्तर

एका आईने विचारलंय: मुलगा साडेचार महिन्यांचा आहे, फक्त अंगावर पितो. तीन महिने माहेरी होतो तेव्हा रात्री दहाला झोपला की तीनपर्यंत हूं की चूं नसायचं. सासरी आल्यावर पहिले काही दिवस बरे गेले, पण आता पंधरा दिवस झाले, दर तास-सव्वा तासाला उठतो आणि पाजल्याशिवाय डोळा मिटत नाही. सासूबाई म्हणतात तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर, नाहीतर झोपताना नाचणीचं सत्त्व घाल. परदेशातली नणंद म्हणते, रडू दे, तीन रात्रींत शिकेल. नवऱ्याची पहिली पाळी, पहाटे साडेपाचला घर सोडतो. दीड महिन्याने मला कामावर रुजू व्हायचंय. माझं काय चुकतंय?

चुकण्याचं नंतर बघू, आधी वय बघू. तेवीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करतेय, आणि "आधी छान झोपायचा हो, आता काय झालं कोण जाणे" हे वाक्य कानावर पडलं की माझी नजर केसपेपरवरच्या वयाकडे जाते. चार महिने, साडेचार, पाचवा लागलाय. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं.

नव्या बाळाची झोप दोनच प्रकारची असते. एक चुळबुळी झोप: पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसतं, मध्येच ओठ काढतं. आजी म्हणते सटवाई हसवतेय. झोपेतल्या याच फिरत्या डोळ्यांवर १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी लेख लिहिला, आणि झोपेत मेंदू स्वस्थ पडून नसतो हे तेव्हापासून गंभीरपणे अभ्यासलं जाऊ लागलं. दुसरी शांत झोप. तिच्यात हात उचलून सोडला तर लुळा पडतो, शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी बाळ हलत नाही. तीन-चार महिन्यांच्या सुमाराला मेंदू ही साधी व्यवस्था मोडतो आणि मोठ्या माणसांसारखी, पायऱ्यापायऱ्यांची झोप रचायला घेतो. हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नाची झोप, पुन्हा हलकी. मोठ्यांचा असा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो, बाळाचा पन्नास मिनिटं ते तासाभराचा. फेरा संपला की सगळ्यांनाच थोडी जाग येते. आपण कूस बदलतो, चादर ओढतो, परत झोपतो आणि सकाळी काही आठवत नाही. बाळ मात्र त्या अर्ध्या जागेत आजूबाजूचा अंदाज घेतं. झोप लागली तेव्हा ते तुमच्या कुशीत होतं, तोंडात दूध होतं, आणि आता एकटं गादीवर आहे. तुम्ही रात्री पलंगावर झोपलात आणि जाग आली ती बाहेरच्या ओट्यावर, तर तुम्हीही ओरडतच उठाल.

तेव्हा तुमचा तास-सव्वा तास हा आकडा आला कुठून, ते कळलं असेल. इंग्रजीत याला "स्लीप रिग्रेशन" म्हणतात, म्हणजे झोप मागे गेली. मला तो शब्द पटत नाही. बाळ पुढेच गेलंय, फक्त त्याचा त्रास तुम्हाला होतोय. याच सुमाराला ते पालथं पडायला शिकतं आणि दिवसभर केलेला सराव रात्रीही करतं, तेही एक कारण.

अजून एक गैरसमज काढून टाकू. "रात्रभर झोपणारं बाळ" ही गोष्ट ऐकायला मिळते तितकी सर्रास नाही. २०१८ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. सलग आठ तास न झोपणारी ५७ टक्के होती. वर्षाच्या बाळांतही सहा तास न गाठणारी २८ टक्के निघाली. आणि या न झोपणाऱ्यांची वाढ किंवा बुद्धी मागे आहे असं काही दिसलं नाही. शेजारणीचं बाळ झोपत असेल तर चांगलंच आहे, पण शेजारणी कधीकधी आकडा फुगवूनही सांगतात, हे अनुभवाने सांगते.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे. त्या वाईट हेतूने बोलत नाहीयेत. त्यांच्या काळी बाळ रडलं की भूक, एवढंच गणित होतं. दूध पुरतंय की नाही हे रात्रीच्या जागण्यावरून कळत नाही. ते कळतं शूवरून आणि वजनावरून. चोवीस तासांत सहा ते आठ वेळा पिवळसर नसलेली, पातळ शू होतेय, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात वजनाची रेघ आपल्या वाटेने वर चालली आहे, तर दूध पुरतंय. जन्माचं वजन पाच महिन्यांच्या आसपास दुप्पट व्हावं. तुमचा मुलगा साडेचार महिन्यांचा आहे, करून बघा हिशोब. कार्ड सासूबाईंच्या हातात द्या आणि दोघी मिळून बघा. वादावादीपेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होतो. वजन खरंच अडलं असेल, तर मात्र त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवा.

नाचणी सत्त्वाने रात्र सुधारते का? इंग्लंडमध्ये तेराशे बाळांवर झालेल्या एका अभ्यासाचे झोपेचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. तीन महिन्यांपासून घट्ट अन्न दिलेली बाळं इतरांपेक्षा रात्री जास्त झोपली खरी, पण किती? सगळा जोर लावून साधारण सोळा मिनिटं. सोळा मिनिटांसाठी सहा महिने फक्त अंगावरचं दूध हा नियम मोडावा असं मला वाटत नाही. बाटलीत सत्त्व घालून पडल्या पडल्या पाजणं तर मुळीच नको, ठसका लागतो. उष्टावण सहा महिन्यांनंतर थाटात करा, तेव्हा नाचणी आहेच.

भूक हे कारण अगदीच नाही असं मात्र मी म्हणत नाही, आणि इथे जरा थांबते, कारण तुमच्या चिठ्ठीतल्या "माहेरी" आणि "सासरी" या दोन शब्दांतच मला अर्धं उत्तर दिसतंय.

चार महिन्यांपर्यंत बाळाला वासरासारखं लावलं की ते पीत राहतं. नंतर त्याला जग दिसायला लागतं. मागे एका घरी लसीनंतरचा ताप बघायला गेले होते. बाळ याच वयाचं. आई हॉलमध्ये सोफ्यावर पाजत बसलेली, समोर मालिका, शेजारी चुलतभाऊ गाडी फिरवत होता. बाळाने दोन-तीन घोट घेतले, गाडीचा आवाज आला, तोंड सोडून मान वळवली. आईने परत लावलं. तीन घोट. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला, पुन्हा मान मागे, तोंडातून दुधाचा ओघळ, आणि चेहऱ्यावर आनंदच आनंद. चार मिनिटांत "झालं वाटतं याचं" म्हणून आईने पदर सारखा केला. दिवसभर हेच चालू असेल तर पोट भरायचं कधी? रात्री. रात्री सगळं चिडीचूप असतं, अंधार असतो, आई पूर्ण त्याचीच असते. बाळाच्या दृष्टीने हॉटेल रात्रीच नीट चालतं. माहेरी तुम्ही आणि आई दोघीच असाल, खोली वेगळी असेल. सासरी माणसं जास्त, येणंजाणं जास्त. कुणाचा दोष नाही त्यात.

यावर उपाय सोपा आहे पण लाजबीज सोडून करावा लागतो. दिवसातली किमान चार पाजणी आतल्या खोलीत, दार लावून, पडदा ओढून, फोन बाहेर ठेवून करायची. सकाळी उठल्यावरचं, दुपारच्या झोपेनंतरचं, आणि संध्याकाळी सहा ते साडेआठमधली दोन. दर दोन-अडीच तासांनी स्वतःहून द्यायचं, मागण्याची वाट बघायची नाही, कारण या वयात ते खेळात भूक विसरतं. "सारखी काय आत जाऊन बसते" असं कुणी म्हणालं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. माझं नाव अशा कामासाठी बऱ्याच घरांत वापरलं जातं, मला चालतं. चार-पाच दिवसांत दिवसाचं पोट भरायला लागलं की रात्रीची एक-दोन जागणी आपोआप गळतात असं पुष्कळदा बघितलंय. सगळी गळत नाहीत. या वयात रात्री दोनदा-तीनदा पिणं हे भुकेचंच असतं, ते बंद करण्याच्या मागे लागू नका.

दिवसाच्या झोपेचंही असंच आहे. "दिवसा जागं ठेव, रात्री झोपेल" हा सल्ला मोठ्या माणसाला लागू पडत असेल, बाळाला उलटा बसतो. अति थकलेलं बाळ जास्त चिडचिडं होतं, लवकर उठतं. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून चोवीस तासांत बारा ते सोळा तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय. साडेचार महिन्यांचं बाळ एका वेळी दीड ते दोन तास जागं राहू शकतं, त्यापुढे ते ताणलं जातं. कान ओढणं, नजर शून्यात लागणं, डोळे चोळणं दिसलं की झोपवायला घ्या. पूर्ण रडायला लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

आपल्याकडची एक गंमत सांगते. मालीशवाल्या मावशी दहा-अकराला येतात, तेल, कढत पाणी, आणि मग बाळ थेट अडीच-तीन तास गाढ झोपतं. दिवसाची सगळ्यात लांब झोप तिथेच संपते. मावशींना वेळ बदलायला सांगणं म्हणजे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, त्या त्यांच्या फेरीप्रमाणेच येणार. मग दुपारची ती झोप दोन तासांच्या पुढे गेली की पडदा उघडा, हळू बोलत उठवा, पाजा. संध्याकाळी ओल्या कोमट फडक्याने अंग पुसून, कपडे बदलून, दिवे मंद करून तोच तो क्रम रोज ठेवा. सकाळी सात-साडेसातला बाळाला गॅलरीत किंवा अंगणात उजेडात घेऊन जा. शरीरातलं रात्र-दिवसाचं घड्याळ नुकतंच, दोन-तीन महिन्यांपासून, चालू झालेलं असतं, त्याला चावी उजेडाने बसते. आणि रात्री पाजताना मोबाइलची बॅटरी लावू नका, स्वतःही स्क्रीन बघू नका. हे शेवटचं कुणी ऐकत नाही.

किती वेळा उठतो ते लिहून ठेवा, पण ॲपमध्ये नको. पहाटे तीन वाजता ॲप उघडणारी आई पुढचा अर्धा तास फोनवरच असते. एक आई माझ्याकडे कालनिर्णयचं पानच काढून घेऊन आली होती. दुधवाल्याच्या सुट्ट्या, गॅसच्या सिलिंडरची तारीख, एकादशी, आणि प्रत्येक चौकटीत पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा. जाग आली की एक रेघ, पाजलं तर तिच्यावर आडवी काट. ती आली तेव्हा म्हणत होती, रात्रभर उठतो, दहा-बारा वेळा. रेघा मोजल्या तर पाच, सहा, पाच, चार, सात. सात होत्या त्या रात्री घरी बारसं होतं, जाऊबाईंच्या मुलीचं. पाच वेळाही कमी नाहीत, पण बारा आणि पाच यांत फरक आहे, आणि कोणत्या दिवशी वाढतात ते दिसलं की काय बदलायचं ते कळतं.

आता रात्री नेमकं काय करायचं ते. पहिला आवाज आला की लगेच उचलू नका. मिनिटभर ऐका. चुळबुळ्या झोपेत बाळ कण्हतं, कुरकुरतं, एखादी किंकाळीही फोडतं, आणि डोळे मिटलेलेच असतात. तेवढ्यात आपण त्याला छातीशी घेतलं तर आपणच त्याला उठवतो. मिनिटाने आवाज चढला तर छातीवर तळवा ठेवा, हळू थोपटा, "श्श" करा. तरी चढत गेला तर पाजा, अपराधी वाटून घेऊ नका. शी नसेल तर लंगोट किंवा डायपर प्रत्येक वेळी बदलायची गरज नाही. बोलायचं नाही, दिवा नाही, खेळ नाही.

दूध आणि झोप यांची गाठ थोडी सैल करायची असेल तर ती रात्री दोनला सोडवायला जाऊ नका, तेव्हा तुमचीच शक्ती नसते. फक्त रात्रीच्या पहिल्या झोपेला करा. साडेआठला झोपवायचं तर आठला पाजा, मग अंग पुसणं, कपडे, अंगाई, आणि पेंगुळलेलं पण जागं असतानाच गादीवर ठेवा, हात अंगावर राहू द्या. रडला तर घ्या, शांत करा, परत ठेवा. तीन वेळा नाही जमलं तर त्या रात्री पाजून झोपवा आणि उद्या बघा. काही बाळं आठवड्यात सरावतात, काहींना महिना लागतो. माझ्या स्वतःच्या मुलीला सात महिने लागले, आणि तेव्हा मी लोकांना आत्मविश्वासाने सल्ले देत फिरत होते.

झोळी असेल तर एक सांगते. पालथं पडणाऱ्या बाळाला रात्रभर झोळीत ठेवू नका. साडीच्या झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते, आणि कलंडलं तर तोंड कापडात जातं. पेंग येईपर्यंत झुलवा, मग सपाट गादीवर उताणं ठेवा. बाळाला पालथं झोपवू नका हे अमेरिकेत १९९२ पासून सांगायला लागले, १९९४ मध्ये त्याची मोठी मोहीम झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे पुढे निम्म्याहून खाली आली. ठेवताना उताणं ठेवायचं, नंतर ते स्वतः दोन्ही बाजूंना वळू शकत असेल तर सारखं सरळ करत बसायला नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली राईची उशी, लोड, जाड गोधडी, झोपताना घातलेली कानटोपी, सगळं बाजूला.

शेजारी घेऊन झोपावं का, यावर पुस्तकी उत्तर आहे की बाळ त्याच खोलीत पण वेगळ्या गादीवर असावं. मीही तेच सांगते. पण आपल्या घरांत बहुतेक आया बाळाला कुशीतच घेतात हे डोळ्यांआड करून सल्ला देण्यात अर्थ नाही. तेव्हा घेणारच असाल तर जमिनीवर, टणक गादीवर घ्या. बाळ आईच्या बाजूला, आईबाबांच्या मधे नाही. घरात दारू किंवा सिगारेट असेल, आईने झोप आणणारं औषध घेतलं असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल, तर अजिबात नाही. आणि सोफ्यावर पाजता पाजता डोळा लागणं हे यातलं सगळ्यात धोक्याचं.

इतकं सगळं वयावर ढकललं, पण एक रात्र अशी असते जिथे वय कारण नसतं, ती ओळखता आली पाहिजे. दर तासाला उठतो पण घेतलं, पाजलं की शांत होतो, दिवसा हसतो-खेळतो, ते बाळ निरोगी. घेतल्यावरही रडणं थांबत नाही, तर कपडे काढून दिव्याखाली डोक्यापासून पायापर्यंत बघा. सुरुवातीच्या काळात रात्री अकराला एक जोडपं पाच महिन्यांच्या मुलीला घेऊन आलं होतं. दोन तास सतत रडत होती. पोट मऊ, कान ठीक, ताप नाही. मी पोटदुखीचे थेंब लिहून देणार तेवढ्यात लक्ष गेलं की पायात लोकरी मोजे आहेत. काढले. डाव्या पायाचं मधलं बोट लालबुंद, टच्च सुजलेलं, आणि मुळाशी एक बारीक खाच. भिंगातून बघितलं तर आईचा एक लांब केस, दोन वेढे घालून आवळलेला. चिमट्याने आणि कात्रीच्या टोकाने तो काढायला वीस मिनिटं लागली, आणि काढल्यावर पाचव्या मिनिटाला मुलगी झोपली. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी आईचे केस भरपूर गळतात, म्हणजे अगदी तुमच्या आत्ताच्या दिवसांत. मोजे उलटे करून बघत जा, हातापायांची बोटं आणि मुलाची शूची जागा रोज एकदा तपासा. तेव्हापासून मी मोजे काढल्याशिवाय बाळ तपासलेलं नाही.

बाकीची लक्षणं पटकन सांगते. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, आणि बाळ मरगळलेलं किंवा पीत नाही. सर्दीनंतर कानाला हात लावला की किंचाळणं. जांघेत फुगा आणि रडणं. थांबून थांबून कळ आल्यासारखं पाय पोटाशी घेऊन रडणं, मधे निपचित पडणं, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त: यात सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. रोज घोरणं, झोपेत श्वास अडखळणं दिसलं तर दिवसा वेळ घेऊन दाखवा. नुसतं नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब पाजण्याआधी पुरतात. दातांचं म्हणाल तर एखाद-दोन रात्री किरकिर होते. पंधरा दिवसांचं जागरण दातांच्या माथी मारू नका.

झोपेसाठी काय देऊ नये यावर मला जरा कठोर व्हावं लागतं. गुटीत सहाणेवर जायफळाचे दोन वळसे जास्त दिले की बाळ "छान" झोपतं. ती झोप नाही, गुंगी आहे, आणि वळशात किती उतरलं ते कुणालाच मोजता येत नाही. वेखंडाचंही तेच. अफूची गोळी आता कुणी उघड सांगत नाही, पण एखाद्या आडगावातून अजून कानावर येते. सर्दीचं औषध "झोप येते म्हणून" देणं हा शहरी प्रकार. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांत श्वास मंदावू शकतं. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखाली देऊ नयेत असा इशारा बाटलीवर छापायला आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. ग्राइप वॉटरने झोप येत नाही. दृष्ट काढायची तर खुशाल काढा, फक्त मीठ-मोहरी-मिरच्या जाळायच्या त्या लांब, बाळाच्या खोलीत धूर नको. ओव्याच्या धुरीचंही तेच.

नणंदबाईंचा सल्ला. थोडं थोडं रडू देऊन झोपेची सवय लावण्याच्या पद्धतींवर मेलबर्नमध्ये मोठा अभ्यास झाला. सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना अशा पद्धती शिकवल्या होत्या, आणि ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. त्यांच्या वागण्यात, आईशी असलेल्या नात्यात तोटा दिसला नाही, आणि कायमचा फायदाही दिसला नाही. म्हणजे त्या काही क्रूरपणा सांगत नाहीयेत. पण साडेचार महिन्यांना हे नको, सहा महिन्यांआधी मी कुणालाच सांगत नाही. आणि दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे सासू-सासरे, वर पहाटे उठणारा नवरा, तिथे पंधराव्या मिनिटाला कुणीतरी बाळाला उचलणारच. मग त्याला एवढंच कळतं की पंधरा मिनिटं रडायला लागतं. अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

आता तुमच्या झोपेकडे येते, कारण या घरात दुरुस्त करता येईल अशी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. बाळाची सगळ्यात लांब झोप रात्रीच्या सुरुवातीला असते, बहुधा साडेआठ ते साडेअकरा-बारा. तेव्हा तुम्ही काय करता? जेवण, ओटा आवरणं, उद्याची भाजी, मग थोडा फोन. अकराला पाठ टेकता आणि साडेअकराला बाळ उठतं. महिनाभर तरी साडेसातला जेवा आणि बाळाबरोबर झोपा. भांडी राहू द्यात. नवरा पहिल्या पाळीचा, म्हणजे चार-साडेचारला घरी येत असेल. पाच ते साडेसहा बाळ त्याच्याकडे, घराबाहेर, आणि तुम्ही खोलीत आडव्या. "मदत करतो" असं नाही, ती त्याची दुसरी पाळी आहे. सासूबाई पाच-साडेपाचला उठतच असतील. सकाळी सहाचं पाजून झालं की बाळ त्यांच्या मांडीवर, त्या त्याला गॅलरीतलं ऊन दाखवतील, आणि तुम्हाला साडेसातपर्यंत साखरझोप. सत्त्व देऊ नका म्हणून सांगताना हे काम सोपवलं तर त्यांनाही आपलं काढून घेतल्यासारखं वाटत नाही.

बाळ झोपलंय, वेळ आहे, तरी तुम्हाला झोप येत नाही. सतत रडू येतं, काहीतरी वाईट होईल असं वाटतं, बाळाबद्दल काहीच वाटत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर ते जागरण नाही, आजार आहे आणि त्याला औषध आहे. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा.

दीड महिन्याने रुजू व्हाल तेव्हा जागणं पुन्हा थोडं वाढेल, आधीच सांगून ठेवते. दिवसभर आई नाही म्हटल्यावर बाळ रात्री हिशोब पुरा करतं. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवडे रजा मिळू लागली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. तुमच्याकडे आहे का ते आत्ताच विचारा. जाण्याआधी दोन-तीन आठवडे काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचा सराव करा, तो तुमच्याऐवजी सासूबाईंनी करायचा, तुमच्या हातून ते घेणार नाही. काढलेलं दूध गार खोलीत चार तास, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला चार दिवस टिकतं. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवायच्या भानगडीत पडू नका, सरळ फ्रिज.

हे किती दिवस चालणार? दिवसाचं पाजणं आणि झोप सावरली तर दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक घरं जरा श्वास घेतात. मग आठ-दहा महिन्यांना, रांगायला लागल्यावर आणि आई नजरेआड झाली की घाबरण्याच्या वयात, पुन्हा एक फेरी येते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक-एक मिली सुरू करायचं असतं, ते विसरू नका. लोह कमी असलेल्या बाळांची झोपही अस्वस्थ असते, आणि आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांतल्या ६७ टक्के मुलांचं रक्त कमी असल्याचं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. त्या सिरपसाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा वजनाचं कार्ड आणि रेघा मारलेलं कालनिर्णयचं पान, दोन्ही पिशवीत टाका.